'बरी' बटणाची गोष्ट : डिगवरच्या कंपूबाजीचं एक प्रकरण

मराठी संस्थळांवर चारपाच वर्षं काढलेल्या माणसाला 'कंपूबाजी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अमुक आयडीचा (म्हणजे सदस्याचा) धागा, म्हणजे चर्चेचा लेख, आला की ठरलेले चौघे पाच मिनिटांत सहमतीचं '+१' टाकून जातात, आणि तमुक आयडीने पसायदान जरी टंकलं तरी तेच चौघे त्याला 'निरर्थक' अशी श्रेणी देऊन मोकळे होतात. निदान ज्याला श्रेणी मिळते त्याची तशी खात्री असते. मग तो संपादकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, संपादक 'लक्ष ठेवून आहोत' म्हणतात, तो चिडून त्यावरच धागा काढतो, धागा उडतो, आणि महिन्याभराने तोच माणूस डुआयडी, म्हणजे दुसऱ्या नावाचं खातं, घेऊन परत येतो. या सगळ्यात पुरावा मात्र कधीच हाती लागत नाही. कंपू खरोखर होता, की आपला प्रतिसादच पकाऊ होता?

डिग या बातम्यांचे दुवे देण्याच्या अमेरिकी संकेतस्थळाच्या प्रकरणात पुरावा सापडला. म्हणून ते जुनं असलं तरी उलगडून बघण्यासारखं आहे.

डिग केव्हिन रोझ आणि त्याच्या साथीदारांनी २००४ च्या अखेरीस अमेरिकेत, कॅलिफोर्नियात सुरू केलं. कल्पना साधी होती. बातमीचा दुवा कुणीही द्यावा, वाचकांना आवडला तर त्यांनी तो 'डिग' करावा म्हणजे खणून वर काढावा, आणि पुरेसे डिग पडले की तो पहिल्या पानावर जावा. संपादक नावाचा प्राणी मधे नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये बिझनेसवीकने रोझला मुखपृष्ठावर घेतलं आणि या पोराने दीड वर्षात सहा कोटी डॉलर कसे मिळवले, असा मथळा दिला. (ते पैसे कागदावरचेच होते, ही गोष्ट वेगळी.) पहिल्या पानावर आलेल्या दुव्यावर लोक इतके तुटून पडत की लहानसहान सर्व्हर आडवे होत, त्याला 'डिग इफेक्ट' असं नावच पडलं होतं. म्हणजे तिथे दिलेल्या मताच्या मागे वाचक होते, जाहिरातीचे पैसे होते आणि अमेरिकेतलं राजकारणही होतं.

'डिग'च्या उलट बटणाचं नाव 'बरी'. मराठीत बरी म्हणजे ठीकठाक. तिथे बरी (bury) म्हणजे पुरणं. एखादा दुवा पुरायचा असेल तर कारण निवडावं लागे : हा आधीच येऊन गेलाय, ही जाहिरातबाजी आहे, विभाग चुकलाय, माहिती चुकीची आहे, आणि पाचवं कारण 'लेम'. 'लेम'चा मराठी प्रतिशब्द आंतरजालाने केव्हाच करून ठेवलाय, तो वर येऊन गेला : 'पकाऊ'. पहिली चार कारणं निदान तपासून बघता येतात. पाचव्याला कशाचाच आधार लागत नाही.

तरी खरी गोम कारणांच्या यादीत नव्हती. नवा दुवा 'अपकमिंग' नावाच्या यादीत पडे आणि त्याला साधारण २४ तास मिळत. तेवढ्यात डिग जमले तर तो वर जाई, नाही तर मागे पडे. पण त्याआधीच पुरेशा लोकांनी तो पुरला तर तो यादीतूनच नाहीसा होई. दुव्याचं पान तसंच राही, पत्ता ठाऊक असणाऱ्याला ते उघडता येई. फक्त तिकडे कुणी येण्याची वाट बंद होई. किती जणांनी पुरल्यावर असं होतं, हे कंपनीने कधीच सांगितलं नाही. त्यांचं कारण अगदीच टाकाऊ नव्हतं : आकडा कळला की लोक मोजून तेवढीच माणसं जमवतील. पण परिणाम असा झाला की डिगचा आकडा सगळ्यांसमोर, डिग करणाऱ्यांची नावंही समोर, आणि बरीचा सगळा हिशेब कंपनीच्या पोटात.

या एका फरकाने पुढे काय केलं ते पाहा. २००६ मध्ये तक्रार सुरू झाली की पहिलं पान मूठभर लोकच ठरवतात. ते एकमेकांचे दुवे डोळे मिटून डिग करतात. डिगची नावं उघड असल्यामुळे कुणीही बसून मोजावं आणि दाखवावं असा तो मामला होता. लोकांनी मोजलं, दाखवलं. त्या सप्टेंबरमध्ये कंपनीने सूत्र बदललं : मतं कितीही पडोत, ती नेहमीच्याच टोळक्याची असतील तर त्यांचं वजन कमी. २००७ च्या फेब्रुवारीत अव्वल सदस्यांची यादी दाखवणंही बंद केलं. काहीजण रुसून गेले, पण सुधारणा झाली. वर चढवणारा कंपू दिसत होता, म्हणून त्याच्यावर इलाज करता आला.

खाली खेचणारा कंपू दिसतच नव्हता. 'बरी ब्रिगेड' हा शब्द त्याच सुमारास रूढ झाला आणि वर्षानुवर्षं तो अफवेच्या पातळीवरच राहिला. ज्यांचे दुवे पुरले जात ते ओरडत, बाकीचे म्हणत, 'तुझा दुवाच रद्दी होता.' दोघांकडेही दाखवायला काही नाही. भांडण पुढे सरकायला जागाच नव्हती.

मधे १ मे २००७ चं प्रकरण घडलं. ते इथे थोडक्यात सांगायला हवं, कारण नियंत्रकांच्या अधिकाराची हद्द त्यात दिसते. चित्रपटांच्या एचडी डीव्हीडीचं नक्कलविरोधी कुलूप उघडणारी एक १६ बाइटांची किल्ली, म्हणजे आकडे-अक्षरांची ओळ, लोकांनी डिगवर टाकली. वकिलांची नोटीस आली, कंपनीने दुवे काढले, काही खाती बंद केली. त्यावर सदस्यांनी तीच किल्ली शेकडो दुव्यांतून पुन्हापुन्हा टाकली, संपूर्ण पहिलं पान तिने भरून गेलं, आणि रात्री रोझने जाहीर केलं की आम्ही यापुढे काढणार नाही, होईल ते होईल. मला यात शौर्यापेक्षा दुसरंच काही दिसतं. उडवलेल्या धाग्याबद्दल सदस्य जिंकले, कारण उडवणं सर्वांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. पुरलेल्या दुव्याबद्दल असा उठाव कधीच झाला नाही. न दिसणाऱ्या गोष्टीविरुद्ध गर्दी जमत नाही.

आता मुख्य प्रकरण. २०१० च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अल्टरनेट या डाव्या कलाच्या अमेरिकी संकेतस्थळावर एक लांबलचक शोधलेख आला. याहू ग्रुप्सवर 'डिग पेट्रियट्स' नावाचा शंभरेक उजव्या विचारांच्या सदस्यांचा एक गट होता. एकजण त्या गटात शिरून सुमारे वर्षभर मेल वाचत, जपून ठेवत बसला होता. मेलांमधली कामाची पद्धत कंटाळवाणी म्हणावी इतकी साधी होती. कुणीतरी दुव्यांची यादी पाठवायचं, बाकीच्यांनी जाऊन पुरायचं. काही सदस्यांची आणि काही संकेतस्थळांची नावंच ठरलेली होती. एकाच माणसाने अनेक खाती चालवणं, म्हणजे आपल्या भाषेत डुआयडी, तेही चाले. नकोशा सदस्यांची खाती बंद पडावीत म्हणून खटपटी चालत. लेखातला दावा असा की विशिष्ट सदस्यांचे नव्वद टक्क्यांहून अधिक दुवे एक ते तीन तासांत पुरले जात, आणि दुव्याचा विषय काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसे.

लेख येताच तो याहू गट गायब झाला. लिहिणारा स्वतः डिगवरचा, म्हणजे एका अर्थी पक्षकार होता, आणि नव्वद टक्के हा त्याच्याच बाजूचा हिशेब. तो आकडा मी तसाच डोक्यावर घेणार नाही. मेल मात्र गटातल्याच लोकांनी लिहिलेले होते, आणि त्यातून कंपू आहे की नाही हा वाद संपला.

लाखोंच्या संकेतस्थळावर शंभर माणसं एवढं कसं करू शकली, हा प्रश्न मला त्या लेखातल्या राजकारणापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. उत्तर वेळेत आहे. नुकताच पडलेला दुवा पहिल्या तासात फार थोडे लोक बघतात. त्या तासात वीस-तीस माणसं ठरवून आली तर तेव्हापुरतं बहुमत त्यांचंच. नंतर जे हजारो लोक त्याला डिग करणार असतात त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. कोंब खुडून टाकला की झाड केवढं झालं असतं याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही, अगदी खुडणाऱ्याकडेही.

या बाबतीत एका प्रयोगाचे आकडे हाताशी आहेत. २०१३ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा एक निबंध आला. त्यांनी एका बातम्यांच्या चर्चा-संकेतस्थळावर पाच महिन्यांत लाखाहून थोड्या अधिक प्रतिसादांवर प्रयोग केला. काही प्रतिसादांना ते आल्याआल्या एक खोटं अधिक मत दिलं, काहींना एक खोटं उणे, उरलेल्यांना काहीच नाही. खोटं अधिक मिळालेल्यांचा शेवटचा गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगला. मेंढरं पुढच्या मेंढरामागून गेली. उणे मिळालेल्यांचं मात्र वेगळं झालं. त्यांना आणखी काही उणे मतं पडली, पण त्याचबरोबर 'याला उगाच का मारताय' म्हणून अधिक मतं देणारेही आले आणि शेवटी तो प्रतिसाद होता तिथे परतला.

म्हणजे अन्यायाने पडलेलं एखादं उणे मत बहुतेक वेळा बघणाऱ्या गर्दीकडूनच दुरुस्त होतं. अट एकच, प्रतिसाद गर्दीच्या नजरेसमोर राहिला पाहिजे. डिगच्या बरीने नेमकी हीच अट मोडली होती. तिथे उणे मत आणि नजरेआड करणं ही एकच क्रिया होती. दुरुस्त करणारे येण्याआधीच दुवा खड्ड्यात.

मग कंपनीने काय केलं? २५ ऑगस्ट २०१० ला, म्हणजे त्या लेखानंतर तीन आठवड्यांनी, डिगची चौथी आवृत्ती आली आणि तीत बरी बटणच नव्हतं. ते लेखामुळे काढलं असं म्हणणं चूक ठरेल. नव्या आवृत्तीची चाचणी आधीपासून चालू होती. पण रोगाला औषध म्हणून ते छान शोभून दिसलं. कंपू बरी वापरतो ना, मग बरी नको. डोकं दुखतंय ना, मग डोकंच नको.

चौथ्या आवृत्तीत बदल पुष्कळ होते. मोठ्या प्रकाशकांना आपल्या फीडमधून (नव्या मजकुराच्या आपोआप निघणाऱ्या यादीतून) दुवे आपोआप टाकता येऊ लागले, साइट वारंवार कोलमडत होती, जुन्या सोयी नाहीशा झाल्या होत्या. डिग बुडालं ते फक्त बटणापायी, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण बटण नसण्याचा परिणाम पाचच दिवसांत सगळ्यांनी पाहिला. ३० ऑगस्टच्या सुमाराला चिडलेल्या सदस्यांनी ठरवून रेडिटच्या, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याच्या, फीडमधून आलेले दुवे डिग करायला सुरुवात केली. डिगच्या पहिल्या पानावर रेडिटच रेडिट. आणि ते खाली ओढण्याचं साधन कुणाच्याच हातात उरलेलं नव्हतं. रेडिटने त्या दिवसांत आपल्या चिन्हातल्या परग्रहवासी बाहुल्याच्या हातात डिगचं फावडं दिलं होतं. असा टोमणा आपल्याकडच्या संस्थळांनाही सुचला नसता.

बरीचा रोजचा उपयोग कंपू करत नव्हता, हे काढल्यावर कळलं. रोजचा उपयोग साधी माणसं करत होती : शेळीचं दूध पिऊन टक्कल घालवा छापाचे दुवे, चोरलेले लेख, पाचव्यांदा आलेली तीच बातमी. संडास साफ करणाऱ्यांचा झाडू काढून घेतला कारण दोघांनी त्या झाडूने कुणाला तरी बडवलं होतं. काही आठवड्यांत बरी परत आणावी लागली, तोवर माणसं उठून रेडिटकडे गेली होती. ऑक्टोबरमध्ये डिगने एक तृतीयांशाहून अधिक नोकरवर्ग कमी केला. जुलै २०१२ मध्ये नाव आणि संकेतस्थळ बीटावर्क्स या कंपनीने घेतलं, सुमारे पाच लाख डॉलरला अशी बातमी होती.

इतरांनी याच दुखण्यावर काय काय केलं ते पाहताना एक गोष्ट लक्षात येते : ज्यांचं बरं चाललं त्यांनी मत देणाऱ्याचं नाव गुप्तच ठेवलं. नाव उघड केलं तर सूडाची मतं सुरू होतात. पण त्यांनी मताला किंमत लावली किंवा हिशेब उघडा ठेवला. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर दुसऱ्याच्या उत्तराला उणे मत द्यायचं तर स्वतःचा एक गुण जातो, आणि मुळात १२५ गुण कमावल्याशिवाय ते बटण चालतच नाही. शिवाय एकच माणूस दुसऱ्या एकाच माणसाच्या मागे लागून धडाधड उणे मतं देतोय असं दिसलं तर रोज आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ती मतं परत फिरवते. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर मत देणाऱ्यांना मोजकेच पाच गुण मिळत आणि तेही तीन दिवसांत वाया जात. वर त्यांच्या मतांवर मत देणारी दुसरी फळी होती. मात्र तिथल्या 'ओव्हररेटेड' या शेऱ्याची तपासणी दुसरी फळी करत नसे, आणि अर्थातच मनातला डूख काढणाऱ्यांचा तोच लाडका शेरा. पळवाट कुठे आहे ते लोक बरोब्बर हुंगतात. ऐसी अक्षरे या मराठी संस्थळावरच्या मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, भडकाऊ, खोडसाळ या श्रेण्या स्लॅशडॉटच्याच घराण्यातल्या, आणि सदस्याची पत मोजणाऱ्या 'कर्म' या तिथल्या शब्दाऐवजी ऐसीवर चक्क 'पुण्य' मोजलं जातं, हे मला फार आवडतं.

यातला कोणताही उपाय डिग पेट्रियट्सना पुरा पडला असता असं मला वाटत नाही. एकाने एकाचा पाठलाग केला तर स्क्रिप्ट पकडते. शंभरजणांनी प्रत्येकी एकेक मत दिलं तर प्रत्येकजण सज्जन दिसतो. असला कंपू पकडायचा तर तीच वीस खाती पुन्हापुन्हा एकत्र, त्याच तासात, त्याच माणसावर येतात का हे पाहावं लागतं. वर चढवणाऱ्या टोळक्यासाठी डिगने २००६ मध्ये जवळपास हेच केलं होतं. तेच गणित उलट्या बाजूला लावायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. आतली माहिती तर सगळी त्यांच्याकडेच होती.

आणि ज्याचं पुरलं जातं त्याने काय करायचं? डिगवर बहुतेकांनी दोनपैकी एक केलं. काही ओरडत राहिले. काहींनी स्वतःचा कंपू काढला, मेसेंजरवर मित्रांना 'डिग कर रे' म्हणून निरोप जाऊ लागले, आणि मग पेट्रियट्सना म्हणायला जागा झाली की आम्ही फक्त उत्तर देतोय. ही दुसरी वाट माणसांना किती सहज सापडते याचा अभ्यासही झालाय. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलशी संबंधित संशोधकांनी सीएनएनसह चार संकेतस्थळांवरचे प्रतिसाद तपासले. उणे मतं खाल्लेला माणूस गप्प बसत नाही. तो जास्त लिहितो, आधीपेक्षा वाईट लिहितो आणि दुसऱ्यांना उणे मतं देऊ लागतो.

हॅकर न्यूज या तंत्रज्ञांच्या चर्चा-संकेतस्थळाच्या नियमांत एक ओळ आहे : मिळालेल्या मतांबद्दल प्रतिसादात तक्रार करू नका, त्याने भलं होत नाही आणि वाचायला कंटाळवाणं होतं. पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला सरकारी वाटली होती. नंतर पटली, ती स्वतःच्या फजितीमुळे. एका मराठी संस्थळावर माझ्या प्रतिसादांना ओळीने नकारात्मक श्रेण्या पडू लागल्या तेव्हा मी कंपूचा छडा लावायचाच म्हणून एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, वेळ, विषय, श्रेणी. चाळीसेक ओळी झाल्यावर जो नमुना दिसला त्यात कंपू नव्हता. रात्री बारानंतर लिहिलेले माझे प्रतिसाद होते. दिवसा लिहिलेल्यांना कुणी हात लावला नव्हता. तक्ता मी कुणाला दाखवला नाही.

पण तक्ता करणं हेच त्यातलं कामाचं होतं. डिगवर कंपूची खूण होती ती हीच, की विषय बदलला तरी निकाल बदलत नव्हता आणि तो ठरावीक वेळात लागत होता. तुमचा राजकारणाचा लेख आणि मांजराचा फोटो दोन्ही पहिल्या तासातच पुरले जात असतील तर ती श्रेणी लेखाला मिळत नाहीये. फक्त राजकारणाचाच पुरला जात असेल तर लोक तुमच्याशी असहमत आहेत, एवढंच. असा तक्ता नियंत्रकाला दिला तर त्याला तपासायला काही मिळतं. 'माझ्यावर अन्याय होतोय' या व्यनितून काहीच मिळत नाही. बिचारा बहुधा पगारी नसतो आणि त्याच्या पेटीत असे तीस व्यनि पडलेले असतात. डिगचं गुपित बाहेर आलं तेही कुणीतरी वर्षभर न ओरडता मेल जपत बसला म्हणून.

मार्च २०२५ मध्ये केव्हिन रोझने डिग परत विकत घेतलं. भागीदार होता अलेक्सिस ओहानियन, रेडिटच्या संस्थापकांपैकी एक, ज्याने २०१० मध्ये चौथ्या आवृत्तीवर रोझला जाहीर पत्र लिहून खडे बोल सुनावले होते. नव्या डिगवर नियंत्रणाचं रोजचं हमालीचं काम कृत्रिम बुद्धिमत्ता करेल, असं दोघांनी तेव्हा सांगितलं.